केर्बल: कोथिंबीर समजून आणलेल्या जुडीचं करायचं काय?

फ्रँकफुर्टला आले त्या पहिल्याच वसंतात मी ही चूक केली. शनिवारी बेर्गर श्ट्रासेच्या आठवडी बाजारात एका टोपलीत नाजूक, पोपटी पानांच्या जुड्या दिसल्या. पाटी वाचायची तसदी घेतली नाही. दोन जुड्या आणल्या, बटाट्याच्या भाजीच्या फोडणीत अर्धी जुडी परतली, उरलेली वरून भुरभुरली. नवरा पहिला घास घेऊन म्हणाला, "कोथिंबीर विसरलीस का?"

ती कोथिंबीर नव्हतीच, केर्बल होती. इंग्रजीत चर्व्हिल, फ्रेंचमध्ये सेर्फय. मराठीत तिला नाव नाही, कारण आपल्याकडे ती कधी आलीच नाही. जर्मनीत, फ्रान्समध्ये, बेल्जियममध्ये नव्याने राहायला आलेल्या मराठी घरांतून ही गफलत दर मार्च-एप्रिलमध्ये होते. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवतेय. उदाहरणं फ्रँकफुर्टची आहेत, कारण मला तेवढंच गाव नीट माहीत आहे.

आधी हाताशी काय हवं

- धारदार सुरी किंवा कात्री. बोथट सुरीने पानं चिरली जात नाहीत, चेचली जातात आणि काळी पडतात.
- मोठं पातेलं आणि चाळण, धुण्यासाठी
- एक पातळ सुती पंचा
- झाकणाचा डबा
- लावायची असेल तर किमान २० सेंटीमीटर खोल कुंडी आणि याच वर्षीचं बियाणं

मिक्सर सूपसाठी लागेल, पण त्याबद्दल पुढे एक ताकीद आहे.

१. पाटी वाचा, मग वास घ्या

जर्मन बाजारात सारख्या दिसणाऱ्या तीन जुड्या शेजारी शेजारी असतात. 'कोरिआंडर' म्हणजे आपली कोथिंबीर. 'ग्लाटे पेटरझीली' म्हणजे सपाट पानांची पार्सली. आणि 'केर्बल' म्हणजे आजची पाहुणी. पाटी नसेल तर एक पान बोटांत चुरडा. बडीशेपेचा हलका वास आला की केर्बल. कोथिंबिरीचा वास काही कुणी सांगायला नको.

दिसण्यातही फरक आहे. कोथिंबिरीची खालची पानं पंख्यासारखी रुंद असतात. केर्बलची पानं नेच्यासारखी, खूप बारीक कातरलेली आणि रंगाने फिकी. काही ठिकाणी कुरळ्या पानांचा प्रकारही मिळतो. सजावटीला बरा, चवीला साध्यापेक्षा वेगळा नाही.

घेताना कोवळी घ्या. मधोमध जाड दांडा आणि टोकाला पांढऱ्या फुलांच्या बारक्या छत्र्या दिसल्या तर ती जून झाली, कडवट लागेल. कडा तांबूस-जांभळट झाल्या असतील तर तिने उन्हाचा त्रास काढलाय. अशी जुडी निम्म्या किमतीत मिळाली तरी सोडून द्या.

मोठ्या सुपरमार्केटात केर्बल नेहमी नसते. आठवडी बाजार, शेतकरी स्वतः माल आणतात तो कोन्स्टाब्लरवाखेचा बाजार, नाहीतर क्लाइनमार्क्टहाले, असा माझा क्रम आहे. सुकवलेल्या केर्बलची बाटली मात्र कुठेही मिळते, आणि ती कुठेही घेऊ नका. सुकली की हिचा वास जवळजवळ संपतो. मागे उरतो हिरवा भुसा.

२. हिचं घराणं ओळखीचं आहे

केर्बल परकी वाटते, पण गोतावळा पाहिला तर ती आपल्याच स्वयंपाकघराच्या भावकीतली निघते. धने, जिरं, ओवा, बडीशेप, शेपू, गाजर आणि हिंग ही सगळी एकाच कुळाची झाडं. फुलोरा छत्रीच्या काड्यांसारखा पसरतो, ती या कुळाची खूण. शेपू फुलावर आलेला ज्याने पाहिलाय त्याला पटकन कळेल. म्हणजे आपल्या फोडणीतलं जिरं-हिंग आणि फ्रेंचांच्या 'फीन झेर्ब'मधली ही केर्बल एकाच घरातून आल्यात. 'फीन झेर्ब' हे त्यांचं चार नाजूक पानांचं मिश्रण: पार्सली, चाइव्ह्ज (कांद्याच्या पातीचं बारीक रूप), टॅरॅगॉन (बडीशेपेच्याच वासाचं एक पान) आणि चर्व्हिल, म्हणजे केर्बल. ऑम्लेटवर घालतात. बेआर्नेझ नावाच्या लोणी-अंड्याच्या सॉसमध्येही टॅरॅगॉनच्या जोडीला हीच असते.

बडीशेपेसारखा वास येतो तो एस्ट्रागोल नावाच्या सुगंधी द्रव्यामुळे. ते बडीशेपेतही असतं, टॅरॅगॉनमध्येही. हे द्रव्य उडून जाणारं आहे. हे लक्षात ठेवलंत तर पाचव्या पायरीवर माझ्यासारखी फजिती होणार नाही.

३. नावाची गोष्ट (घाई असेल तर पुढे जा, पण मजा इथेच आहे)

मला जर्मन शिकताना शब्दांचं वेड लागलं, त्यात हा शब्द सापडला. मूळ ग्रीक: 'खैरेफुल्लोन'. 'खैरो' म्हणजे मी आनंदतो, 'फुल्लोन' म्हणजे पान. आनंद देणारं पान. दुसरा तुकडा आपण शाळेत भेटलोय, क्लोरोफिलमधलं 'फिल' तेच. आणि पहिल्या तुकड्यातून ग्रीकांचा नमस्कारही झालाय. आजही ते 'हेरेते' म्हणून अभिवादन करतात, ते याच क्रियापदाचं रूप.

रोमनांनी शब्द उचलला, पण 'फुल्लोन' त्यांच्या जिभेला परका. पानाला त्यांचा स्वतःचा शब्द होता 'फोलियुम'. त्यांनी मागचा तुकडा बदलून टाकला आणि 'केरेफोलियुम' झालं. प्लिनी या रोमन लेखकाच्या लेखनात हे रूप येतं. आपणही 'लॅन्टर्न'चा 'कंदील' करतो त्यातला हा प्रकार नाही. अर्धा शब्द ठेवून अर्ध्याचं भाषांतर, 'डबलरोटी'सारखा. शास्त्रीय नावात, 'अँथ्रिस्कस सेरेफोलियम'मध्ये, तोच रोमन शब्द अजून बसलेला आहे.

पुढची गंमत पहिल्या अक्षराची. जर्मन लोकांनी लॅटिन शब्द उचलला तेव्हा त्यातला 'क' खणखणीत होता, म्हणून केर्बल. सीझरचा 'कायझर' आणि तळघराचा 'केलर' हेही त्याच जुन्या उच्चाराचे अवशेष. इंग्रजांकडे तो 'क' मऊ होत 'च' झाला, म्हणून चर्व्हिल. फ्रेंचांकडे आणखी मऊ होऊन 'स', म्हणून सेर्फय. डच आणि फ्लेमिश लोक 'केर्व्हल' म्हणतात. एकच पान, एकाच लॅटिन शब्दाची लेकरं, पण आद्याक्षरं तीन. त्यामुळे युरोपात फिरताना मेन्यूकार्डवर ही ओळखू येत नाही.

एक सापळा: जर्मनमध्ये 'केर्बे' म्हणजे खाच. पानं कातरलेली असतात म्हणून केर्बल, असं मला एकाने अगदी ठामपणे सांगितलं होतं. ऐकायला सुंदर, पण चूक. दोन्ही शब्दांचा संबंध नाही.

आणि माझी सगळ्यात आवडती नोंद. इ.स. ८०० च्या सुमारास फ्रँक सम्राट शार्लमेनच्या काळात शाही जमीनजुमल्याच्या कारभाराचा एक हुकूमनामा निघाला. बागेत काय काय लावायचं याची त्यात लांबलचक यादी आहे. त्या यादीच्या शेवटाकडे 'कोरिआंड्रुम' येतं, आणि लगेच पुढचा शब्द 'केर्फोलियुम'. कोथिंबीर आणि केर्बल, बाराशे वर्षांपूर्वीही शेजारी शेजारी. माझा गोंधळ झाला त्यात माझा काय दोष?

४. घरी आणल्यावर

कोथिंबिरीसारखी टेबलावर पसरून गप्पा मारत निवडायची सवय इथे चालत नाही. ही तासाभरात मान टाकते. आणल्याबरोबर पिवळी पानं काढा, ओल्या पंचात सैल गुंडाळा, डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. तरी दोन, फार तर तीन दिवस.

धुवायची ती वापरायच्या आधी. नळाच्या धारेखाली धरू नका. पातेलंभर थंड पाण्यात बुचकळा, माती खाली बसू द्या, वरून पानं उचला. नीट कोरडी करा. ओली चिरलीत तर लगदा होईल.

कोवळ्या दांड्या घ्यायला हरकत नाही, त्यांनाही चव असते. सजावटीसाठी छोटे छोटे शेंडे अख्खे खुडून ठेवतात. फ्रेंच स्वयंपाकात त्या शेंड्यांना 'प्ल्युश' असा वेगळा शब्दच आहे.

५. फोडणीत नाही, उकळीत नाही, गॅस बंद केल्यावर

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

कोथिंबीर आपण वाटणात घालतो, तिच्या वड्या वाफवून तळतो, तरी ती आपली ओळख सोडत नाही. केर्बलला हे झेपत नाही. गरम तेलात पडली की वास गेला. पाच मिनिटं उकळली की गवत. पदार्थ तयार झाला, गॅस बंद केला, एक मिनिट थांबलात, की मग घाला आणि लगेच वाढा.

दुसरं, हिला जोरकस शेजारी सोसत नाहीत. हिंग, हिरवी मिरची, लसूण, गोडा मसाला यांच्यापुढे ती गप्प बसते. पोहे, मिसळ, आमटी यांवर घालून मी सगळं करून पाहिलंय, पैसे वाया. जिथे चव सौम्य आहे तिथे ती खुलते: अंडं, बटाटा, गाजर, मटार, पांढरा मासा, लोणी, साय, दही. एप्रिल ते २४ जून हा इथला पांढऱ्या श्पार्गलचा, म्हणजे शतावरीच्या कोंबांचा हंगाम. त्यांच्यावर वितळलेलं लोणी आणि केर्बल, बास.

आपल्या पदार्थांत मला दोन ठिकाणी ती मनापासून आवडली. एक, गाजराची दह्यातली कोशिंबीर: मीठ, चिमूटभर साखर, दोन चमचे चिरलेली केर्बल, फोडणी नाही. दुसरं, उकडलेले गरम बटाटे, वर तूप, मीठ आणि ही. तुपाशी तिचं चांगलं जमतं.

६. पहिला प्रयोग: केर्बलचं सूप

जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स, तिन्हीकडे हे घरोघरी होतं. चौघांसाठी:

- केर्बल १०० ग्रॅम
- बटाटे २५० ग्रॅम
- एक कांदा
- लोणी एक मोठा चमचा
- भाज्यांचा स्टॉक ७५० मिली
- साय किंवा क्रीम १०० मिली
- मीठ, पांढरी मिरपूड, लिंबाचे चार थेंब

कांदा लोण्यात मऊ करा, लाल नको. बटाट्याच्या फोडी आणि स्टॉक घालून शिजवा. मिक्सरमधून काढा, क्रीम घालून गरम करा, गॅस बंद. मूठभर केर्बल बाजूला ठेवून बाकीची बारीक चिरून ढवळा. उरलेली वाढताना वर.

ताकीद ही: केर्बल बटाट्यांबरोबर मिक्सरमध्ये फिरवायचा मोह होईल, रंग सुरेख हिरवा येतो म्हणून. फिरवायचीच असेल तर अगदी शेवटी, दोन झटके. जास्त वेळ फिरवलीत तर चव कडवट होते. आणि सूप पुन्हा उकळू नका. दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं असेल तर केर्बल न घालता ठेवा.

७. फ्रँकफुर्टमध्ये असाल तर: ग्र्यूने झोसे

इथे केर्बल एकटी क्वचित भेटते. पांढऱ्या कागदात गुंडाळलेल्या पुड्यात ती सहा बहिणींबरोबर येते, आणि या सात पानांचा थंड सॉस म्हणजे ग्र्यूने झोसे, शब्दशः हिरवा सॉस. शहराच्या ओबराड भागात पिढ्यान्पिढ्या या पानांची शेती आहे. तिथे या सॉसचं एक स्मारकसुद्धा उभारलंय, सात पानांची सात छोटी काचघरं. २०१६ पासून 'फ्रँकफुर्टर ग्र्यूने झोसे' या नावाला युरोपीय महासंघाचं भौगोलिक संरक्षण आहे, आपल्या नागपुरी संत्र्याच्या जीआयसारखं.

पुड्यात काय असतं, आपल्या भाषेत सांगते. बोरेच, म्हणजे काकडीच्या चवीचं लवदार पान. केर्बल. क्रेसे, म्हणजे चक्क अळीव! लाडवात बिया घालतो त्याचीच कोवळी रोपं. पार्सली. पिंपिनेले, दातेरी गोल पानांची. झाउअरआम्फर, आपल्या आंबट चुक्याचा चुलत भाऊ. आणि श्निटलाऊख, कांद्याच्या पातीचं बारीक रूप.

पाव किलोच्या आसपासचा पुडा धुऊन, कोरडा करून बारीक चिरा. २५० ग्रॅम आंबट साय आणि २५० ग्रॅम दही, चमचाभर मोहरीची पेस्ट, मीठ, साखर, लिंबू. तासभर फ्रीजमध्ये. उकडलेल्या बटाट्यांवर आणि उकडलेल्या अंड्यांवर वाढा. चिरायचं की मिक्सरला लावायचं यावर इथली घरं भांडतात. मी चिरते. मिक्सरचा सॉस मला हिरव्या रंगासारखा वाटतो.

फ्रँकफुर्ट ज्या हेसेन राज्यात आहे त्याच्या उत्तर भागात यात शेपू पडतो. फ्रँकफुर्टच्या माणसापुढे हे बोलू नका. पुण्यात मिसळीबद्दल कोल्हापूरकराने बोलावं तसं होतं.

पारंपरिक हंगाम ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी सुरू होतो. त्याला ग्र्यूनडोनर्स्टाग म्हणतात, शब्दशः हिरवा गुरुवार, आणि त्या दिवशी हिरवं खायची रीत आहे. बाजारात पुड्यांसाठी रांग लागते, सकाळीच जा.

८. बाल्कनीत लावायची असेल तर

बी धन्यासारखं गोल नसतं. काळं, लांबट, सुईसारखं असतं. जुनं बी उगवत नाही, म्हणून पाकिटावरची तारीख बघा.

पेरणीच्या वेळा दोन: मार्चचा मध्य ते एप्रिल, आणि ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. मधल्या उन्हाळ्यात पेराल तर मूठभर पानं निघायच्या आत ती फुलावर जाते. पूर्वेची किंवा उत्तरेची बाल्कनी उत्तम. दक्षिणेची असेल तर मोठ्या कुंडीच्या सावलीत ठेवा.

माती ओली करा, बी पसरा, हाताने दाबा, वर मातीचा अगदी पातळ थर. दोन-तीन आठवडे धीर धरा. माती वाळू देऊ नका, पण तळ्यातही बुडवू नका. रोपं उपटून दुसरीकडे लावू नका, सोटमूळ असतं, दुखावलं की झाड रुसतं. सहा ते आठ आठवड्यांत बाहेरची पानं कापायला सुरुवात. दर दोन-तीन आठवड्यांनी नवी चिमूट पेरत राहिलात तर जुडी विकत आणावी लागत नाही.

भारतात परत जाताना बियांची पाकिटं बॅगेत टाकायचा विचार येतो, मलाही आला होता. टाकू नका. परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र यांशिवाय बियाणं देशात आणायला मनाई आहे.

९. रानातून खुडू नका, कधीच

मे महिन्यात नद्यांच्या काठी आणि रस्त्यांच्या कडेला कमरेएवढी पांढऱ्या फुलांची झाडं माजतात. ती बहुतेक 'वीझन-केर्बल', म्हणजे कुरणातली केर्बल. नाव ऐकून मी निड्डा नदीकाठी पिशवी घेऊन उभी राहिले होते. कुत्रं फिरवणाऱ्या एका आजींनी मला अक्षरशः हाताला धरून बाजूला घेतलं.

कारण साधं आहे. या कुळात जिरं-बडीशेप आहेत तशी विषारी झाडंही आहेत आणि ती हुबेहूब अशीच दिसतात. 'शिअरलिंग' म्हणजे हेमलॉक, दांड्यावर जांभळे ठिपके असलेलं, इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसला दिलेलं विष याचंच मानतात. 'हुंड्सपेटरझीली' तर बागेतल्या वाफ्यातही उगवते. ठिपके बघून, वास घेऊन ओळखता येतं असं सांगणारे भेटतील. ज्यांना तीस वर्षांची सवय आहे त्यांना येत असेल. आपण बाजारातून आणावी. चुकून खाल्लंच आणि तोंडात जळजळ, मळमळ, अशक्तपणा वाटला तर वाट न बघता ११२ ला फोन करा आणि झाडाचा तुकडा जवळ ठेवा.

१०. उरली तर

सुकवू नका, हे वर सांगितलंय. बारीक चिरून मऊ लोण्यात चिमूटभर मिठासकट कालवा, बर्फाच्या साच्यात भरा, गोठल्यावर वड्या डब्यात काढा. डिसेंबरात गरम बटाट्यावर एक वडी टाकली की एप्रिलचा वास येतो, पूर्ण नाही, पण बऱ्यापैकी.

डब्यावर नाव मात्र लिहा. मी लिहिलं नव्हतं. सासूबाई आल्या होत्या, त्यांनी हिरवी चटणी समजून चार सँडविचना लावलं, आणि पहिला घास घेऊन मला विचारलं, "अगं, चटणीत बडीशेप कुणी घातली?"